एका बोटापुरता क्रॉसबो

शिकार आमच्या घराण्याच्या रक्तात आहे. हे वाक्य म्हणताना वडील आवाज खाली आणत, आणि काका ते सोयरिकीच्या बैठकीत, पोह्यांच्या बशा यायच्या आधी, हमखास म्हणत. आमचे आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात नोकरीला होते, हे खरंच आहे. शिकारीसाठी पाळलेले चित्ते तेव्हा रात्री बाजेवर झोपत. चित्ता अंथरुणाला नखं मारतो, त्यामुळं त्या बाजा वरचेवर उसवत. आजोबा त्या विणून देत. पुढं चित्ते गेले, मग संस्थान गेलं, आणि आजोबांनी मंगळवार पेठेत माणसांच्या बाजा विणायला घेतल्या. घरात एका शिकारीचा फोटो होता. मधे मेलेलं जनावर, त्यावर पाय ठेवलेले पाहुणे, मागं पंचवीसेक माणसं, आणि अगदी कडेला अर्धे आजोबा. उरलेले अर्धे चौकटीत मावले नव्हते. मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आमच्या घराण्याबद्दल त्या फोटोनं जेवढं सांगितलं आहे तेवढंच मी खरं धरते.

माझा थोरला भाऊ ते वाक्य कधी म्हणायचा नाही. त्याला गरज नव्हती, कारण त्याला खरोखरच नेम होता. बेचकीतून तो आंब्याला खडा मारायचा नाही, देठाला मारायचा. आंबा न फुटता खाली यायचा आणि मी तो फ्रॉकच्या घोळात झेलायची. पाखरांना त्यानं कधी मारलं नाही. "पाखरू खाली पडलं की बघवत न्हाय," एवढंच त्याचं स्पष्टीकरण. म्हणजे तीन पिढ्यांत आमच्याकडं एकच नेमबाज झाला आणि त्यानं शिकार केली नाही.

हाच नेम पुढं त्याच्या पोटापाण्याला उपयोगी पडला. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत तो पॅटर्नमेकर होता. लोखंडाचं काहीही ओतायचं तर आधी ते लाकडात व्हावं लागतं, आणि त्या फौंड्रीत ते लाकडात दादा करायचा. पटाशीनं एक कागदाएवढी साल काढायची म्हटली तर एकाच कागदाएवढी निघायची. निवृत्त झाल्यावर त्यानं हातकणंगल्याला दोन खोल्या बांधल्या आणि तो आणि वहिनी तिकडं राहायला गेले. मूलबाळ नव्हतं. मी कोल्हापुरात एकटी, ती दोघं तिकडं, मधे अर्ध्या तासाची पॅसेंजर.

गेल्या वर्षी त्याची उजवी बाजू गेली.

तीन आठवड्यांत वाचा परत आली. वहिनीचं म्हणणं, आधी पाय आला असता तर बरं झालं असतं, जीभ थांबली असती. हात मात्र येईना. फिजिओथेरपीवाला एक दिवसाआड यायचा. त्यानं एक पिवळा रबरी चेंडू दिला होता, तो दाबायचा. दादा त्या चेंडूकडं असा बघायचा की मला त्या चेंडूचीच दया यायची. ज्या माणसानं चाळीस वर्षं सागवान आणि शिसम हाताळलं, त्याच्या हातात हे.

श्रावण सरता सरता त्याचा फोन आला. "ये. एक दाखवायचंय."

मी गेले. तो खाटेवर बसला होता, उजवा हात उशीवर ठेवलेला. "बघ," म्हणाला. आधी काहीच झालं नाही. मग त्याचं अंगठ्याशेजारचं बोट आत वळलं. थांबलं. परत सरळ झालं. उशीच्या अभ्र्यावर रेघ उमटली. बाकीची चार बोटं तशीच पडून होती, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

आम्ही तिघं त्या बोटाकडं बाळंतघरात बघावं तसं बघत राहिलो.

"एक आलं," वहिनी म्हणाली. "चार यायचीत अजून."

"चार कशाला पायजेत?" दादा म्हणाला. "मास्तरणी, तो मोबाइल घे." मी शाळेत लागले त्या दिवसापासून तो मला मास्तरीण म्हणायचा. आधी कौतुकानं, मग सवयीनं.

मोबाइलवर त्यानं एक चित्रफीत काढून ठेवली होती. परदेशातल्या कुठल्याशा जंगलात एक जाडा माणूस क्रॉसबो कसा निवडावा ते सांगत होता. पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी, कमी खर्चात, शिकारीसाठी. आम्हाला त्याचं इंग्रजी अर्धंच कळत होतं, पण दादाला त्याच्या बोलण्याशी देणंघेणंच नव्हतं.

"धनुष्य ताणून धरावं लागतं. हे बघ, हे स्वतःच ताणून धरतंय. एकदा दोरी अडकवली की झालं. टेकू दिला की वजन पण न्हाय. माणसानं फक्त बोट हलवायचं." त्यानं बोट हलवलं. "एवढंच."

"शिकारीला बंदी आहे, दादा. तुरुंगात टाकतात."

"मला तुरुंगात उचलून कोण नेणार? चौघं लागत्यात."

"शुभ बोला," वहिनी म्हणाली. "आणि मारणार काय? उंदीर?"

"डबडं," दादा म्हणाला. "वीस पावलांवर एक डबडं ठेवायचं. एकदा मारलं की झालं. मग तुमचा तो चेंडू पण दाबतो, गोळ्या पण खातो, काय म्हणाल ते."

बोलता बोलता त्याचा आवाज फिरला, आणि तो फिरलेला आम्हाला कळला हे त्याला कळलं. त्यानं मोबाइल बंद केला. त्याला काय हवं होतं ते मला तेव्हाच समजलं. आपण नेम धरलेली वस्तू आपल्या बोटानं पडलेली त्याला एकदा बघायची होती. एकदाच.

वहिनीनं मर्यादा घातली, फिजिओच्या एका महिन्याला जेवढे लागतात तेवढे, त्यावर एक रुपया नाही. दादानं लगेच सुचवलं की मग एक महिना फिजिओच बंद करू. ते नामंजूर झालं.

कोल्हापुरात मी आधी एका खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. कॅरम, लेझीम, लंगोट, बॅटी, आणि एका कोपऱ्यात चषकांचा ढीग. आपल्याकडं खेळापेक्षा चषकांचा खप जास्त असावा. मालक माझ्याहून थोडा लहान, आवाज तालमीतला.

"क्रॉसबो?" तो ओरडला. गल्ल्याशी उभी असलेली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "कुणाला मारायचंय, काकू? नवऱ्याला का?"

"त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली."

"आरं तिच्या," तो म्हणाला आणि त्यानं दोन्ही कानांना हात लावला. मग प्रायश्चित्त म्हणून त्यानं मला गोदामातून एक धनुष्य आणून दाखवलं. शाळेच्या गॅदरिंगसाठी केलेलं, सोनेरी कागद लावलेलं. "रामाला चालतंय हे."

"माझ्या भावाचा एक हात चालत नाही."

तो गप्प झाला. कोल्हापूरचा माणूस गप्प झाला की काहीतरी करतो. त्यानं दोन फोन लावले आणि जयसिंगपुरातल्या एका माणसाचा पत्ता काढून दिला. तो छऱ्याच्या बंदुका विकायचा आणि असल्या वस्तू मागवून द्यायचा. "फक्त तिथं गेल्यावर शिकार म्हणू नका," त्यानं दाराशी येऊन बजावलं. हे बजावणंही त्यानं रस्त्यापलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात केलं.

जयसिंगपूरला आम्ही तिघं रिक्षा करून गेलो. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. वहिनीनं बटणं लावली तेव्हा त्यानं शेवटचं बटण डाव्या हातानं स्वतः लावलं, त्यात पाच मिनिटं गेली.

दुकान बाजारपेठेत, दोन आडत दुकानांच्या मधे. दुकानदार शांत, चष्मा नाकावर. त्यानं आधी सगळ्यात महाग काढला. त्यावर दुर्बीण होती, आणि अंगभर पानांची नक्षी छापलेली. जंगलात लपून बसल्यावर जनावराला दिसू नये म्हणून ती नक्षी, असं त्यानं सांगितलं.

दादानं पानं निरखली. "ही पानं कुठल्या झाडाची?"

"बाहेरच्या देशातली."

"मग हातकणंगल्यात मी हे घेऊन बसलो तर कुत्री भुंकतील की."

नंतर दादानं जे केलं ते मी त्याला फौंड्रीत करताना कधी पाहिलं नव्हतं, पण तसंच करत असणार. त्यानं किंमत विचारली नाही. एकेक क्रॉसबो टेबलावर ठेवायला लावला आणि डोळा फळीच्या पातळीला आणून तो दोरी बघत राहिला. दोरी ज्या पट्टीवरून घसरत जाते तिच्यावर ती दोन्ही बाजूंनी सारखी टेकते का, हे तो बघत होता. एकाला त्यानं लगेच बाजूला केलं. दोरी बांधलेल्या दोन पात्यांपैकी डावं पातं उजव्यापेक्षा जरा वर होतं. दुकानदारानं पट्टी लावून मोजलं आणि चष्मा काढला.

"तुम्ही काय करता?"

"करत होतो," दादा म्हणाला.

उरले दोन. एक दीडशे पौंड ताणाचा, एक ऐंशीचा. ताण जेवढा जास्त तेवढा बाण सरळ जातो, हे त्या जाड्या माणसानंही सांगितलं होतं. दादाला अर्थात दीडशेचा हवा होता. पण दोरी ताणायची तर पुढच्या कडीत पाय अडकवून दोन्ही हातांनी ओढावी लागते, आणि ते करायला तिघांत मीच होते. दीडशेच्याला मी पाय लावला आणि ओढला. माझी कंबर बोलली, दोरी जागची हलली नाही.

"मास्तरणी, पोरांचं कान ओढत होतीस तसं ओढ की."

"पोरं ऐंशी पौंडांची होती, दादा."

मग ऐंशीचा. तो मी ताणला. कट्ट असा आवाज होऊन दोरी अडकली, आणि दुकानात क्षणभर सगळे मला मान द्यायला लागले. पैशाचं बजेट वहिनीनं ठरवलं होतं. ताकदीचं माझ्या कमरेनं ठरवलं. लाकडी दस्ता, दुर्बीण नाही, तीन बाण सोबत, आणि दोरीला लावायची मेणाची कांडी.

दादानं दस्ता डाव्या हातात घेऊन टेबलाला टेकवला आणि वहिनीनं त्याचं ते बोट चापावर नेऊन ठेवलं. दुकानदार घाईनं पुढं आला. "रिकामा सोडू नका, काका. बाण नसताना चाप दाबला तर सगळा जोर पात्यात जातो. पातं तुटतं."

"मग बाण लावा."

"पेठेत? उद्या माझं दुकान बंद होईल."

दुकानदारानं स्वतःच हळूच दोरी उतरवून घेतली. त्यामुळं दोरी ताणलेली असताना ते बोट चाप दाबू शकतं का, हे आम्हाला जयसिंगपुरात कळलं नाही. परतताना रिक्षात आम्ही तिघंही त्याच प्रश्नावर बसलो होतो आणि तिघंही हवापाण्याचं बोलत होतो.

वस्तू मात्र रिक्षात नव्हती. पितृपंधरवडा चालू होता आणि पंधरवड्यात नवीन वस्तू घरात आणत नाहीत. वहिनीनं विसार देऊन ठेवला, अमावास्या झाली की न्यायचा म्हणून. दादा म्हणाला, "पितरांना काय, आमच्या आजोबानं चित्त्यांच्या खाली बाजा घातल्या, एक क्रॉसबो त्यांना चालंल." पण तो हसत म्हणाला. वाट बघायला काहीतरी मिळालं होतं, आणि वर्षभर त्याला ते मिळालं नव्हतं.

घटस्थापनेच्या सकाळी मी जयसिंगपूरला जाऊन खोकं घेतलं आणि दुपारी हातकणंगल्याला पोहोचले. दादा दारात खुर्ची टाकून बसला होता. समोर परड्याच्या टोकाला एक रिकामं डबडं विटांवर ठेवलेलं. अंतर त्यानं वहिनीला चालायला लावून मोजलं होतं.

आत घट नुकताच बसला होता. आता इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. बहुतेक घरांत हत्यारांची पूजा खंडेनवमीला होते. आमच्याकडं घरातलं प्रत्येक हत्यार पहिल्या माळेलाच घटाशेजारी मांडतात, आणि ते दसऱ्याला घट उठेपर्यंत उचलत नाहीत. शिकारी घराण्याची म्हणे रीत. विळी तेवढी वगळतात, कारण शिकाऱ्यांनाही भाजी लागते. घटाच्या एका बाजूला दादाच्या पटाश्या, रंधा, करवत, एक कोयता ओळीनं मांडलेले होते, प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट.

वहिनीनं खोकं माझ्या हातातून घेतलं, उघडलं, आणि क्रॉसबो त्या ओळीत नेऊन ठेवला. पदरानं दस्ता पुसला, कुंकू लावलं. मग म्हणाली, "हत्यारच हाय न्हवं? आता दसऱ्याला."

दादा खुर्चीतून माझ्याकडं बघायला लागला. "मास्तरणी. तू सांग."

देवाधर्माचं अवडंबर हा माझा जन्मभराचा चेष्टेचा विषय. शाळेत सत्यनारायण घातला तेव्हा मी ग्रंथालयात बसून राहिले होते. नवऱ्याचे दिवस घालताना भटजींना दोनदा थांबवून अर्थ विचारला होता. दादाला माझ्याकडून काय ऐकायचं होतं आणि त्याला ते मिळणारच अशी खात्री का होती, हे मला ठाऊक होतं.

मी म्हणाले, "राहू दे, दादा. नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे."

का म्हणाले ते सांगते. एक तर वहिनी. वर्षभर ती त्याला उठवत होती, बसवत होती, धुवत होती, आणि एवढ्या काळात तिनं स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही पहिली गोष्ट होती, असं मला वाटलं. हे कारण चांगलं आहे आणि मी ते लोकांना सांगते. दुसरं असं की मला भीती वाटत होती. ते बोट नाही दाबू शकलं तर? डबडं तसंच राहील, बाण तसाच राहील, आणि दादा आमच्याकडं न बघता आत न्या म्हणेल. नऊ दिवसांत बोटाला अजून थोडं बळ येईल, असा मी विचार केला.

"बरं," दादा म्हणाला. "पंधरा थांबलो, नऊ काय."

माळांवर माळा चढत गेल्या. वहिनी रोज कारळ्याच्या फुलांची माळ करायची आणि मला फोन. पहिल्या दिवसापासून दादानं कपडे वाळत घालायचा चिमटा मागून घेतला होता. चिमट्याची एक बाजू खाटेच्या कडेला दाबून ठेवायची आणि दुसरी बोटानं. तिसऱ्या माळेला चिमट्याचं तोंड कागद जाईल एवढं उघडलं. पाचव्या माळेला पूर्ण. तेव्हा फोन त्यानंच केला. "चिमटा गेला. आता तुझी कंबर सांभाळ."

सहाव्या माळेच्या संध्याकाळी मी राहायलाच गेले. सातव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास वहिनी नवी साडी नेसून देवळात निघाली. गावातल्या बायका ओटी भरायला जातात. "दोन तास लागतील मला," ती दारातून म्हणाली. "चहा करून घ्या, वन्सं. साखर खालच्या डब्यात." ही सगळी माहिती मला होती. दोन तास लागतील, हेही तिनं परत एकदा सांगितलं.

ती गेली. घट सहा पावलांवर होता. दिवा मंद जळत होता आणि हत्यारांच्या ओळीत क्रॉसबोचा दस्ता नव्या पॉलिशनं चमकत होता.

"मास्तरणी," दादा म्हणाला. "ती न्हाय घरात."

"मला माहीत आहे."

"ताण की एकदा. एक बाण. परत जाग्यावर ठेवू, कुंकू पण पुसणार न्हाय."

"दोनच माळा राहिल्यात, दादा."

"तू असलं कधीपासून मानायला लागलीस?"

"मी मानत नाही. वहिनी मानते. ती घरात नसताना असं नको."

तो थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. आंबा झेलायला उभी असलेली मी हुकेन की नाही, हे तो लहानपणी ठरवायचा, तसं. मग म्हणाला, "बरं," आणि चिमटा उचलला. मी चहा करायला गेले. आतून मला चिमट्याचा आवाज येत होता. टक्. टक्. टक्. आवाज सारख्या अंतरानं येत होता, इतका की मला हायसं वाटलं. बोट तयार आहे, असं मी मनात म्हटल्याचं आठवतं.

आठव्या माळेला पहाटे दुसरा झटका आला. कोल्हापूरला दवाखान्यात नेईपर्यंत तो होता, आत घेतल्यावर नव्हता. रस्त्यात त्याचा उजवा हात माझ्या मांडीवर होता. मी ते बोट धरून ठेवलं होतं. ते काही करत नव्हतं.

सुतक लागलं की घट घरच्यांनी उठवायचा नसतो. शेजारची बाई आली, तिनं पाणी शिंपडलं, घट बाहेर नेला, माळा गोळा केल्या. मग बसायला येणाऱ्यांना जागा हवी म्हणून तिनं हत्यारंही उचलली. पटाश्या पोत्यात, कोयता माळ्यावर, क्रॉसबो खाटेखाली सरकवला. तिला मिनिटभरही लागलं नाही. मी भिंतीला टेकून बघत होते. पंधरवडा, घट, माळा, कुंकू, सगळ्यासाठी एवढे दिवस थांबलो, आणि उचलायला मिनिटभरही लागलं नाही. रीत कुठंतरी वरून खाली आलेली, दगडाची असते, असं तिला मानणारे समजतात, आणि तिची चेष्टा करणारे आम्हीही तसंच समजतो. ती दोन बायकांच्या नाही म्हणण्यानं उभी असते.

त्यातली एक नाही म्हणतच नव्हती, हे मला तेराव्यानंतर कळलं.

सगळे गेले होते. वहिनी खाटेखालून झाडू फिरवत होती, झाडू अडला. तिनं क्रॉसबो ओढून काढला, धूळ पुसली आणि मांडीवर घेतला.

"वन्सं, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही का नाही सोडला?"

"कुठल्या दिवशी?"

"सातव्या माळेला. मी देवळात गेलते की."

मला कळेना. ती दस्त्यावरून अंगठा फिरवत म्हणाली, "मी ओटी भरून दहा मिनटांत मोकळी झाले. मग सहापर्यंत पारावर बसून राहिले. म्हटलं, बहीण-भाऊ काय ते करतील. माझ्या डोळ्यांदेखत नको, एवढंच. मी आल्यावर बघितलं तर कुंकू जाग्यावर. म्हटलं, वन्सं शिकलेल्या, त्यांनी काहीतरी विचार केला असंल."

मी शिकलेली होते आणि मी विचार केला होता.

"दोनदा सांगितलं तुम्हाला, दोन तास लागतील म्हणून," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच वाईट होतं. पुढं ती रडली आणि मीही रडले. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "तुम्ही ताणा. मी सोडते."

आम्ही परड्यात गेलो. डबडं विटांवर तसंच होतं, आत पावसाचं पाणी साचलेलं. मी कडीत पाय घातला, दोरी ओढली, कट्ट झालं. बाण लावला, खाचेत नीट बसल्याची दोनदा खात्री केली. वहिनीनं डोक्यावर पदर घेतला. आम्ही क्रॉसबो दादाच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवला. तिनं आधी अंगठ्याशेजारचं बोट चापावर ठेवलं, मग थांबली, आणि दुसरा हात त्याच्यावर ठेवला, जयसिंगपूरच्या दुकानात दादाच्या बोटावर ठेवला होता तसा. काहीतरी म्हणायला हवं, असं दोघींनाही वाटलं.

"सोडू?"

"सोड."

चाप इतका हलका होता की तिचं बोट अजून दाबतच होतं आणि दोरी सुटलेली होती. एका बोटाला तो सहज जमला असता. चिमट्यापेक्षाही हलका.

आवाज झाला तेव्हा आम्ही दोघींनीही डोळे मिटले होते. उघडले तेव्हा डबडं जाग्यावर होतं आणि बाण नव्हता. परड्यात नव्हता, कुंपणात नव्हता, कुंपणाच्या पलीकडं शेजाऱ्यांचा ऊस पुरुषभर उंच उभा होता. आम्ही पहिल्या दोन सऱ्यांत वाकून बघितलं, पाचट चाळलं, हात कापून घेतले.

शेजाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, ऊस तुटला की सापडंल. कारखान्याची तोड अजून आलेली नाही.